दमाचं घोडं

शिरूर तालुक्यात घोडं बघायला मिळतं ते बहुधा दोन ठिकाणी, लग्नाच्या वरातीत नाहीतर बैलगाड्याच्या घाटात. वरातीतली घोडी डीजेपुढे मागच्या पायांवर नाचत दोन फर्लांगांच्या वाटेला दोन तास लावते. घाटातली घोडी बैलांच्या पुढे अशी सुटते की बारी पंधरा सेकंदांच्या आत आटोपते. निवेदकाचं कौतुक मात्र पुढची पाच मिनिटं चालू असतं. त्यामुळे इथं कुणाला 'एन्ड्युरन्स रायडिंग शिकतोय' म्हणून सांगितलं, की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या घाटात पळता?"

"घाटात नाही. सलग चाळीस किलोमीटर जायचं."

"का बरं? एसटी बंद झाली?"

हा खेळ समजावून सांगणं अवघडच. म्हणायला शर्यत, पण सुसाट सुटणारा बहुधा मध्येच बाद होतो. अंतर हळूहळू वाढवत न्यायचं. जागतिक अजिंक्यपदाला ते एका दिवसात १६० किलोमीटर असतं. प्रत्येक फेरीनंतर पशुवैद्य उभे. ठरलेल्या मिनिटांत घोड्याची नाडी ६४ किंवा त्याखाली आली पाहिजे. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतात, अंगातलं पाणी कमी झालंय का बघायला. हिरडी दाबतात, पोटाला स्टेथोस्कोप लावून आतडी बोलतात का ऐकतात, आणि शेवटी दुडक्या चालीनं पळवून लंगडतोय का ते बघतात. कुठं खोट निघाली की स्वार कितीही ताजातवाना असो, खेळ तिथंच संपला. स्वाराची नाडी कुणी बघत नाही. चाळिशी ओलांडलेल्या नवशिक्याला हे फार बरं वाटतं.

कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप १९५५ पासून चालू आहे. शंभर मैल, चोवीस तासांत. पहिला कोण आला याइतकंच तिथं घोडा धड पोचला का, याला महत्त्व.

खरं तर आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आजचं दौंड इंग्रजांच्या काळी भीमथडी तालुक्यात होतं. भीमेच्या काठची, भीमथडी म्हणूनच ओळखली जाणारी बुटकी, चिवट तट्टं मराठी फौजांनी कुठल्या कुठं नेली. शिरूरला लोक अजून घोडनदी म्हणतात, आणि तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गावच आहे. ३१ डिसेंबर १८१७ ला कंपनीची पलटण शिरूरहून संध्याकाळी निघाली ती रात्रभर चालून सकाळी कोरेगावात पोचली. बरोबर घोडेस्वारही होते. वाटेत पशुवैद्य नव्हता, आणि पोचल्यावर दिवसभर लढाई होती.

त्या काळी शिलेदाराचं घोडं स्वतःचं असे आणि बारगिराचं सरकारी. शिलेदाराचं घोडं गेलं की पोटच गेलं, म्हणून तो आधी घोड्याला पाणी दाखवी. नवशिक्यानं मुकाट्यानं बारगीर व्हावं, दुसऱ्याच्या घोड्यावर शिकावं; खरारा, तोबरा, खूर साफ करणं मात्र शिलेदारासारखं करावं.

भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली ती अगदी अलीकडे. धनगरांना तिची पारख आधीपासूनच होती. दिवाळीनंतर वाडा हलतो तेव्हा तट्टावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या आणि त्यांच्या शेजारी कालच जन्मलेलं कोकरू. तट्टू असं दिवसचे दिवस चालतं, पार कोकणापर्यंत. त्याला कुणी पदक दिलेलं ऐकिवात नाही.

आता सुरुवातीचं. पहिले काही आठवडे नुसतं चालवायचं, मग दुडकी. दुडकीत स्वारानं रिकिबीवर तालात उठबस करायची असते. ती जमेपर्यंत मांड्यांची जी अवस्था होते तीत माणूस समोर खुर्ची असून उभ्यानं चहा पितो. चढ आला तर उतरून लगाम धरून चालत जावं, नियमाला ते चालतं. न्हावरे ते चौफुला या पट्ट्यात मातीच्या वाटा भरपूर, पण गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर गाणी लावून येतो. त्याच्यापेक्षा घोडं भितं ते बांधावर फडफडणाऱ्या मल्चिंग पेपरला. त्याची सवय घरच्या अंगणातच करावी. आणि उसाच्या कडेनं अंधारात जाऊ नये. बिबट्याला नाडी-बिडी काही बघायची नसते.

घोडं घ्यायचंच असेल तर दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरतो. तिथं नाचणाऱ्या घोड्यासमोर गर्दी असते, ती चुकवून पुढं जा. पसंत पडेल ते घोडं अर्धा तास चालवा, दुडकवा, खोगीर उतरवा, आणि घड्याळ लावून नाडी मोजा. विकणारा हसेल. हसू द्या, नाडी उतरल्याशिवाय भावाचं बोलू नका.