टर्कीला स्थळ सांगून आलं

मिझुरीत मुलीच्या बाळंतपणाला हिची गरज होती. माझी कुणालाच नव्हती. म्हणून जावयांनी मला शेजारच्या आजोबांच्या हवाली केलं. ते निघाले होते रानटर्कीच्या शिकारीला, मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात. "बंदूक त्यांची, बाबा. तुम्ही नुसतं गप्प बसायचं."
"हे? आणि गप्प?" ही आतून म्हणाली.

पहाटे साडेतीनला निघायच्या वेळी आजोबांनी माझा लाल मफलर काढून घेतला. टर्कीच्या नराचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं. त्या रंगाचं काही झाडीत हललं, तर दुसरा शिकारी नेम धरायचा. हिने विणलेल्या मफलरात एवढा धोका असेल असं वाटलं नव्हतं.

अंधारात एका ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. रात्री टर्की झाडावर झोपतो. कुठल्या झाडावर, हे कळायला आजोबांनी घुबडाचा आवाज काढला. तिथलं घुबड 'तुझा स्वयंपाक कोण करतं?' असं विचारतं, अशी अमेरिकनांची समजूत आहे. ही इकडे महिनाभर आधी आली, तेव्हा अख्खी सोसायटी मला हेच विचारत होती. मी चिडून उत्तर दिलं नाही, टर्कीने दिलं. वसंतात नर इतका तापलेला असतो, की घुबड, कावळा, ढगांचा गडगडाट, कशालाही ओरडून उत्तर देतो.

मग आजोबांनी लाकडी पेटी काढली. तिच्या झाकणाला खडू लावून ते कडेवर घासलं, की गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज येतो. टर्कीला त्यात तरुण मादी ऐकू येते. टाळूला चिकटवायची रबरी शिट्टीही होती. मी ती तोंडात घातली, पण माझ्या कवळीशी तिचं पटेना. त्यातून जो आवाज निघाला त्याला मात्र कुणीच उत्तर दिलं नाही.

खरी गोम पुढेच आहे. टर्कींत रिवाज असा, की नराने पिसारा फुलवून ओरडायचं आणि मादीने आपल्या पायांनी त्याच्याकडे जायचं. शिकारी मादी होऊन नरालाच बोलावतो. म्हणजे वरपक्षानेच मुलीच्या दारी यावं, ही अपेक्षा! आमचा नर झाडावरून उतरला, सत्तरेक पावलांवर येऊन थांबला आणि ओरडून त्याने कळवलं, मुलगी दाखवायला इकडेच आणा. आजोबांनी पेटी खाली ठेवली. जास्त बोलावलं तर त्याला संशय येतो. अशा वेळी शिकाऱ्याने गप्प बसावं. चाळीस मिनिटं आम्ही मानी वधूपिते होऊन बसलो. मुलीच्या लग्नात मला हे जमलं नव्हतं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला डास बसला आणि मी तो मारला. टर्कीची नजर भलतीच तीक्ष्ण. पिसारा मिटला, वरपक्ष पसार.

आजोबा रागावले नाहीत. ज्या मार्क ट्वेनच्या नावाचं हे जंगल, त्याचा जन्म मिझुरीतलाच. लंगडण्याचं सोंग करणाऱ्या टर्कीच्या मादीने लहानपणी आपल्याला रानभर कसं फिरवलं, हे त्याने 1906 साली लिहून ठेवलंय. मग माझं काय! गेल्या शतकाच्या मध्यास मिझुरीत हे पक्षी जवळजवळ संपले होते. ते वाढवून 1960 मध्ये वसंतातली शिकार पुन्हा सुरू केली, तीही नराचीच. म्हणजे छातीवर दाढी दिसली पाहिजे. दाढीवाल्या माद्याही क्वचित असतात, आणि त्या नियमात बसतात. कायद्याला दाढी कळते.

सरकारी जंगलात दुपारी एकला शिकार बंद. आम्ही गाडीशी आलो, बंदूक पेटीत गेली, कुलूप लागलं. मी गाडीत बसून दार धाडकन ओढलं.

मागच्या झाडीतून, अगदी जवळून, टर्कीने खणखणीत उत्तर दिलं.

तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती.