सोवळ्यातली पोथी

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर एका संध्याकाळी उंटाचे जितके फोटो निघतात, तितके आपल्या जुन्या पोथ्यांचे शंभर वर्षांत निघाले नसतील. उंटाला अर्ज लागत नाही. पोथीला अर्ज, ओळखपत्र, शिफारसपत्र. आणि एवढं करून मिळणारं पान पुसट, वर मालकाचं नाव आडवं छापलेलं. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लपवले, ती इतिहासकार राजवाड्यांनी उकलली. ही नवी सांकेतिक लिपी उकलायला कोण येणार?

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठाची मध्ययुगीन हस्तलिखितं घरबसल्या फुकट चाळता येतात. आपल्याकडे राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम २००३ साली निघाली. भांडारकर संस्थेतल्या ऋग्वेदाच्या ३० पोथ्या २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेल्या. खासगी कपाटांतल्या पोथ्या मात्र अजून सोवळ्यातच. वाळवी तेवढी नियमित वाचते.

“फोटो जगाला दिले, तर पोथी बघायला कोण येईल?” असं अशाच एका कपाटाचे रखवालदार म्हणाले. पुळ्याच्या देवळाचे फोटो जगभर गेले, म्हणून दर्शनाची रांग काही आखूड झाली नाही.

“बरं, सध्या किती जण येतात?”

“मागे एक आले होते. किल्ली सापडेना, म्हणून परत गेले.”