गाडी आडवं होऊन घ्यावी

सेकंडहँड गाडी बघायला मराठी माणूस सहसा एकटा जात नाही. सोबत ‘गाडीतलं कळणारा’ एक जण असतो. तो आधी टायरला लाथ मारतो, मग बॉनेट उघडायला लावून आत वाकतो, बराच वेळ काही बोलत नाही आणि शेवटी ‘हं’ म्हणतो. या ‘हं’वर पाच-दहा हजार रुपये इकडचे तिकडे होतात. मग एक चक्कर होते, ब्रेक लागतो, एसी गार करतो आणि सौदा ठरतो. घरच्या मोटारीसाठी ही रीत वाईट नाही. पण दोर, तंबू, सॅका आणि पातेली भरून न्यायची आणि रात्री तिच्यातच पाठ टेकायची, अशी स्वस्तातली व्हॅन हवी असेल, तर ही परीक्षा भलत्याच विषयाची होते. एक तर अशा व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे कळणाऱ्याची निम्मी विद्या बॉनेट शोधण्यातच संपते. आणि दुसरं म्हणजे अशी गाडी उभ्याने बघू नये, बसून तर मुळीच बघू नये. ती आडवं होऊन घ्यावी: एकदा तिच्या आत आडवं होऊन, एकदा तिच्या खाली.

हिशेब करून बघू. पुण्यातल्या गिर्यारोहकांचा एक गट शुक्रवारी रात्री नऊला हरिश्चंद्रगडाकडे निघाला असं धरा. चाकण, नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, मग माळशेज घाटाच्या अलीकडे खुबी फाटा आणि तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने खिरेश्वर. चाकणची कोंडी, नारायणगावचा चहा आणि ‘बॅटरी कोणी घेतली होती?’ या प्रश्नावरचा वाद धरून जायला-यायला मिळून आठ तास लागले म्हणू. रविवारी रात्री नऊपर्यंतचे एकूण तास 48. त्यांतले 8 तास गाडी धावली आणि 40 तास खिरेश्वरच्या एखाद्या झाडाखाली उभी राहिली. या चाळीस तासांत ती कधी शयनगृह असते, कधी कोठीची खोली, कधी ओल्या कपड्यांची वलनी. म्हणजे धावण्याच्या पाचपट वेळ ती खोली असते. तरी आपण चक्कर मारतो ती आठ तासांची परीक्षा घ्यायला, आणि चाळीस तासांबद्दल विक्रेत्याला एक शब्दही विचारत नाही. भाड्याची खोली बघायला जावं आणि दाराची बेल वाजते एवढं पाहून परत यावं, तसं हे झालं.

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण ज्याने केली, त्याच्याकडे अंथरूण एकच असावं. व्हॅनच्या बाबतीत आधी पाय मोजावेत आणि मग अंथरूण निवडावं. साडेपाच फुटी माणूस म्हणजे 168 सेंटिमीटर. मारुती ओम्नीची रुंदी 141 सेंटिमीटर, ईकोची साधारण 147, आणि हीसुद्धा बाहेरून. त्यातून पत्रा आणि दाराचं अस्तर वजा करायचं. तेव्हा या गाड्यांत रुंदीत झोपायचं तर वय सात-आठ वर्षं असावं लागतं. मग कोणीतरी कर्णाची शक्कल काढतो. आयताचा कर्ण बाजूंपेक्षा मोठा हे शाळेत घोकलेलं अखेर कामी येतं. पण माणूस कर्णावर पसरला की दोन्ही अंगांना जे त्रिकोण उरतात त्यांत सॅक बसत नाही, कारण त्रिकोणी सॅक अजून कोणी शिवलेली नाही. साठ मीटर लांबीचा चढाईचा दोर चारेक किलोचा असतो आणि कुठेही गुंडाळून बसतो, पण पातेलं बसत नाही. म्हणजे झोपायचं ते गाडीच्या लांबीतच. गटातल्या सगळ्यात उंच माणसाला सोबत न्यावं, मागची सीट पाडायला लावावी आणि त्याला आत निजवावं. पाडलेल्या सीटची पायरी कमरेखाली येते की गुडघ्याखाली, हे तिथे दोन मिनिटांत कळतं. नाहीतर ते खिरेश्वरला पहाटे तीनला कळतं. मग त्याला उठून बसायला सांगावं. टाळू छताला लागली तर सकाळी हा माणूस पँट कशी चढवणार, याचा विचार तिथल्या तिथे करावा. मागे सीएनजीची टाकी असेल तर तीही याच वेळी मोजावी. टाकी दर किलोमीटरला पैसे वाचवते हे खरं. पण ती अशी भाडेकरू आहे की भाडं वेळेवर देते आणि खोलीतला सगळ्यात चांगला कोपरा कधी सोडत नाही. शिवाय तिची दर 3 वर्षांनी चाचणी करावी लागते. त्या चाचणीचा दाखला विचारला की अनेक विक्रेत्यांना एकदम फोन येतो.

‘एवढी मोजमापं कशाला? सरळ मोठी गाडी घ्या ना,’ हा पहिला आक्षेप. मोठ्या गाडीला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. मालाच्या गाडीला आपण सरसकट ज्या नावाने हाक मारतो तो ‘टेम्पो’ मुळात एका जर्मन कंपनीचं नाव, आणि आकुर्डीच्या बजाज टेम्पोने ते घरोघरी पोचवलं. त्याच घरातली ट्रॅव्हलर किंवा टाटांची विंगर घेतली तर माणूस आत जवळजवळ उभा राहू शकतो. पण स्वस्तात मिळणारी ट्रॅव्हलर बहुधा पिवळ्या पाटीवर शिर्डी-अष्टविनायक करून दमलेली असते आणि तिची दुरुस्ती मात्र दमलेली नसते. दुसरं, सामान हे गाडीच्या मापाने वाढतं. ओम्नी असेल तर चार माणसं आणि दोन दोर निघतात. ट्रॅव्हलर असेल तर त्याच गडावर अकरा माणसं, घडीच्या खुर्च्या आणि एक कढई निघते, आणि झोपायला पुन्हा जागा नसते. लहान गाडी मित्रांना नाही म्हणते, ते काम आपल्याला करावं लागत नाही. ओम्नी 1984 साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली, 1988 मध्ये तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि 2019 मध्ये ती बंद झाली. मधल्या काळात तिने शाळेची मुलं नेली, रुग्ण नेले आणि हिंदी सिनेमात असंख्य नायिका पळवून नेल्या. पण तिचं 796 सीसीचं इंजिन चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना रडकुंडीला येतं. शिवाय दोन चाकांमधलं अंतर जेमतेम 184 सेंटिमीटर. जड सामान मागच्या चाकांच्याही मागे लादलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं सूचना केल्यासारखं वागतं. 2010 मध्ये आलेल्या ईकोचं इंजिन सुमारे 1200 सीसीचं आणि चाकांमधलं अंतर 235 सेंटिमीटर. तिथे वजन दोन चाकांच्या मध्ये ठेवता येतं आणि त्यावर फळी टाकून झोपता येतं. बिघडलीच, तर ओतूर-नारायणगावच्या फिटरला तिचं पोट पाठ असतं. म्हणून स्वस्तात घ्यायची तर ईको घ्यावी, हा निकाल. अपील आहे, पण ते आत झोपून बघितल्यावर करावं.

आता खाली आडवं व्हायचं. मराठीत ‘लांबी’ शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि व्हॅन घेणाऱ्याला दोन्ही तपासावे लागतात. एक मोजायची लांबी. दुसरी गंजलेल्या पत्र्याच्या भोकात भरून वर रंग मारायची लांबी. पहिली कमी असून चालत नाही, दुसरी जास्त असून. खिशात लोहचुंबक ठेवावा आणि दाराखालच्या कडेवरून, चाकांच्या कमानींवरून फिरवावा. चुंबक जिथे गाडीचा हात सोडतो तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग पोतं अंथरून खाली शिरावं आणि सरकत्या दाराची खालची पट्टी, फ्लोअरचे सांधे, इंधनाच्या टाकीचे पट्टे बघावेत. इथे नाकाचाही उपयोग होतो. वासावरून गाडीचा पूर्वजन्म कळतो आणि पूर्वजन्मावरून रोग. पावाचा वास आला तर माल हलका होता, पण दर गल्लीला गाडी थांबली. क्लच, स्टार्टर आणि दाराचे रोलर घासले असणार. शाळेची व्हॅन असेल तर सीटच्या फटीत खोडरबर सापडतो, आणि दार दिवसातून शंभरदा आपटलेलं असतं. मंडपवाल्याची असेल तर मागून ती बसलेली असते. मासळीचा वास आला तर सरळ परत फिरावं, आणि ते शाकाहारासाठी नव्हे. वितळलेल्या बर्फाबरोबर खारं पाणी फ्लोअरवर वर्षानुवर्षं झिरपलेलं असतं. वास लिंबाने जाईल, पत्रा परत येत नाही. ‘डॉक्टरची गाडी, काम निल’ या वाक्याला मात्र कसलाच वास नसतो, म्हणून त्याकडे जास्त लक्ष देऊ नये.

कागद बघायला आडवं व्हावं लागत नाही, पण ते नीट बघितले नाहीत तर नंतर व्हावं लागतं. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30. गाडी परराज्यातली असेल तर ना-हरकतीचा 28. कर्जाचा बोजा उतरवायला 35. विक्रेता यांतल्या एखाद्या आकड्याला ‘ते नंतर बघू’ म्हणाला तर आपणही पैशांच्या बाबतीत तेच म्हणावं. पंधरा वर्षं झालेली गाडी फुकटात मिळाल्यासारखी वाटते. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. 1 एप्रिल 2022 ला मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क 600 रुपयांवरून 5000 रुपयांवर गेलं, आणि सरकारी शुल्क एकदा घाट चढलं की उतरत नाही. हुशार माणूस इथे म्हणेल की मग कार्गो मॉडेल घ्यावं: मागे सीटच नाहीत, फ्लोअर सपाट, किंमत कमी. बरोबर, पण त्याला पिवळी पाटी असते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस असतो, आणि मालाच्या जागी मित्र भरून नेता येत नाहीत, ते कितीही निरुपयोगी असले तरी. मग उरली पांढऱ्या पाटीची गाडी आणि तिच्यात वेल्डिंग करून पलंग बसवायचा मोह. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने बनवलेल्या गाडीत फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. उपाय सोपा आहे. पलंग बसवू नये, सामान म्हणून न्यावा. दोन फळ्या, खाली क्रेट, वर गादी. कोणी विचारलंच तर फळ्या म्हणजे फळ्याच असतात.

‘गाडीत झोपणं ही परदेशी थेरं आहेत,’ हा दुसरा आक्षेप, आणि तो बहुधा लॉजचं बिल भरणारे काका घेतात. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला गेली, आणि पुढे तिने गावोगाव ‘मुक्कामी गाडी’ ही सोय रुजवली. रात्रीची शेवटची फेरी गावात थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच अंथरूण टाकतात आणि पहाटे तीच गाडी पहिली फेरी म्हणून निघते. आषाढी वारीत दिंडीच्या मागेपुढे चालणारा ट्रक अंथरुणं, तंबू, पातेली आणि शिधा वाहतो, आणि रात्री कोणाचं तरी डोकं त्याच्या फाळक्याशी टेकलेलं असतं. सामान वाहणारी आणि झोपवणारी गाडी आपल्याला नवी नाही. नवं आहे ते फक्त तिच्यात पिवळ्या दिव्यांची माळ लावून फोटो काढणं. ‘मग तंबूच काय वाईट?’ असं कोणी विचारील. तंबू चांगलाच, पण सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसात रात्री एक वाजता तो उभारायचा असेल तर मैत्रीही तितकीच मजबूत लागते. शिवाय तंबूला कुलूप लागत नाही, आणि गटाच्या दोरांची किंमत कधी कधी गाडीला लाजवते.

म्हणजे गाडीत झोप सुखाचीच लागते असं नाही. घाटवाट करून आलेलं इंजिन पुढच्या सीटखाली तासभर तापलेलं असतं, आणि चार माणसांच्या श्वासाने काचा आतून घामेजतात. खिडकी उघडली तर डास येतात, बंद केली तर मोजे येतात. म्हणून बोटभर उघडलेल्या खिडकीला बाहेरून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवावा. गाडी उतारावर असेल तर डोकं चढाकडे करावं, नाहीतर पहाटेपर्यंत चारही जण दाराशी गोळा होतात. एक गोष्ट मात्र थट्टेची नाही: बंद गाडीत इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपू नये, आत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो झोपलेल्या माणसाला उठवायचे कष्ट घेत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. या गाड्यांना पुढे नाक नाही. आपले गुडघे हाच बंपर. 2016 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला शून्य तारे मिळाले. याला उत्तर म्हणून गाडीचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. पण गड उतरून आलेला गट रविवारी रात्री कसा परततो ते आठवा. पायांचे गोळे झालेले, ड्रायव्हर धरून सगळे पेंगत असतात, आणि तरी गाडी रेटली जाते, कारण सोमवारचं ऑफिस आहे आणि थांबायला जागा नाही. ज्या गाडीत नीट झोपता येतं, तिला थांबता येतं. डोळा लागायला लागला की एखाद्या पंपाच्या किंवा ढाब्याच्या उजेडात गाडी बाजूला घ्यायची, चार तास पडायचं आणि उजाडल्यावर साठच्या वेगाने घरी. एअरबॅग धडक झाल्यावर उघडते. गादी धडक होण्याआधी. म्हणून मघाचा तो आत झोपून बघण्याचा प्रकार चैनीचा नाही. स्वस्त व्हॅनच्या सुरक्षेची जी काही तपासणी खरेदीदाराच्या हातात आहे, तिच्यातली मोठी ती आहे.

विक्रेत्याला हे पटायला वेळ लागेल. एक गिऱ्हाईक गाडीखाली, दुसरं गाडीत डोळे मिटून, आणि ‘गाडीतलं कळणारा’ बाहेर, लाथ मारू की नको या विचारात. किल्ली हातात नाचवत विक्रेता विचारील, ‘साहेब, ट्रायल नाही का घेणार?’ तेव्हा आतून थोडंसं घोरणं ऐकू आलं, तर गाडी चांगली आहे.