चुकून ६०० जीबी

माणसाच्या हातून चुकून काय काय होतं? भाजीत मीठ दोनदा पडतं. सासरच्या मंडळींवरचा विनोद सासरच्याच ग्रुपवर जातो. देवळातून येताना पायात भलत्याचीच चप्पल निघते. गूगलच्या हातून ३० हून जास्त देशांतल्या लोकांच्या घरचा मजकूर चुकून गोळा झाला. सुमारे ६०० जीबी. २००७ ते २०१०, म्हणजे चूक तीन वर्षं चालू होती.

पुण्यात पत्ता कसा सांगतात? मारुतीवरून डावीकडे या, पिठाची गिरणी लागेल, तिच्यासमोरचा बोळ. फोनचंही तसंच. उपग्रह नीट दिसेना, की तो आजूबाजूच्या खुणा शोधतो, आणि त्याची गिरणी म्हणजे तुमच्या टीव्हीमागचा राउटर. हा राउटर चोवीस तास स्वतःचं नाव आणि एक नंबर हवेत ओरडत असतो. कुठला नंबर कुठल्या गल्लीत ऐकू येतो याची वही कुणी आधीच करून ठेवली असेल, तर फोनला आपण कुठे आहोत ते कळतं. ती वही भरायचं काम गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांकडे होतं. डोक्यावर कॅमेरे लावून रस्त्यांचे फोटो काढायचे आणि जाता जाता राउटर टिपायचे. इथवर माझी तक्रार नाही. दारावरची पाटी वाचली म्हणून कुणी पोलिसात जात नाही.

पण गाड्यांनी पाटी वाचता वाचता घरात चाललेलं बोलणंही उतरवून घेतलं. ज्या वायफायला पासवर्ड नव्हता, तिथून त्या क्षणी जे काही जात होतं ते थेट डिस्कवर. गाडी चालती, यंत्र सेकंदाला पाच वेळा चॅनल बदलणारं, म्हणजे हाती लागून लागून तुकडेच लागणार, असं आपल्याला वाटतं. कॅनडाच्या प्रायव्हसी आयुक्त जेनिफर स्टॉडार्ट यांची माणसं ते तुकडे तपासायला बसली, तर पूर्णच्या पूर्ण ईमेल निघाल्या. एक यादीही निघाली. अमक्या आजाराच्या रुग्णांची नावं, फोन नंबर आणि पत्ते. फ्रान्समध्ये पासवर्ड सापडले.

हे बाहेर आलं ते जर्मन चिकटपणामुळे. २७ एप्रिल २०१० ला कंपनी म्हणाली, आम्ही फक्त राउटरचं नाव आणि नंबर घेतो, मजकूर घेत नाही. हॅम्बुर्गचं माहिती-संरक्षण कार्यालय म्हणालं, बरं, मग दाखवा. १४ मे ला कंपनी म्हणाली, घेत होतो. चुकून.

चुकणारा इसमही लगेच सापडला. एका इंजिनिअरनं २००६ मध्ये प्रयोग म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम म्हणे गाड्यांत नकळत शिरला. आपल्याकडे अशा वेळी कनिष्ठ लिपिक निलंबित होतो, तसं. पुढे अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं चौकशी केली. त्या अहवालात हा लिपिक 'इंजिनिअर डो' नावानं वावरतो आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क बजावून गप्प राहतो. मात्र त्याचे कागद गप्प राहिले नाहीत. मजकूर गोळा होणार हे त्यानं आराखड्यात लिहिलं होतं. तो आराखडा टीमला पाठवला होता. एका वरिष्ठालाही बोलला होता. प्रायव्हसीबद्दल कंपनीच्या वकिलाशी बोलायचं, असं करायच्या कामांच्या यादीत होतं. ते तेवढं राहून गेलं. आणि काळजीचं कारण का नाही, तर गाडी कुठल्याही एका माणसाजवळ फार वेळ थांबत नाही. बसमधला पाकीटमारही हेच सांगेल.

आयोगानं २०१२ मध्ये दंड केला. मजकूर उचलल्याबद्दल नाही, त्यावर कायदा स्पष्ट नव्हता म्हणे. चौकशीत अडथळे आणल्याबद्दल. २५,००० डॉलर. कंपनीची २०११ ची उलाढाल सुमारे ३८ अब्ज डॉलर. भागाकार मी घरीच केला. दंडाचे पैसे साधारण २१ सेकंदांत गल्ल्यात येतात. मेन्टेनन्सला उशीर झाला तर आमच्या सोसायटीचे चिटणीस याहून जास्त मनापासून वसुली करतात.

खरी बहार पुढे आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ३८ राज्यांशी तडजोड झाली. ७० लाख डॉलर, आणि वर एक अट. घरचं वायफाय सुरक्षित कसं ठेवावं हे गूगलनं लोकांना शिकवायचं, त्यासाठी व्हिडिओ काढायचा, वर्तमानपत्रांत जाहिराती द्यायच्या. घरफोडी झाली म्हणून चोराला कोर्टात उभं करावं आणि कोर्टानं सांगावं, जा, आता आळीत फिरून बायाबापड्यांना कडी कशी लावायची ते दाखव. शिवाय कर्मचाऱ्यांसाठी दरवर्षी प्रायव्हसी सप्ताह. ज्यांनी रस्ता सुरक्षा सप्ताह पाहिला आहे, त्यांना पुढे काही सांगायला नको.

दरम्यान तिथल्याच लोकांनी भरलेल्या खटल्यात कंपनीचे वकील म्हणत होते की वायफाय म्हणजे रेडिओच, कुणीही ऐकावा. तुमची ईमेल आणि विविध भारती एका पंगतीत! अपील कोर्टाला हे पटलं नाही, सुप्रीम कोर्टानं प्रकरण हातात घेतलं नाही, आणि शेवटी १.३ कोटी डॉलरवर मिटलं. ज्यांचा मजकूर गेला त्या सामान्य लोकांना त्यातून काय मिळालं? पैसे संस्थांना आणि वकिलांना गेले. खटल्यात नाव असलेल्या मोजक्या माणसांना थोडं काही.

२०२२ पासून पुणे, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगरचे रस्तेही स्ट्रीट व्ह्यूत दिसू लागले. घाबरू नका. गाड्यांमधून वायफाय टिपणं २०१० मध्येच बंद केल्याचं कंपनीनं सांगितलंय. गरजही राहिली नाही. वही भरायचं काम आता आपल्याच खिशातला फोन करतो. पेट्रोल आपलं, चार्जिंग आपलं.

त्या वहीतून नाव काढायचीही सोय आहे. फॉर्म नाही, अर्ज नाही. तुमच्या वायफायच्या नावालाच शेवटी अंडरस्कोर घालून 'नोमॅप' जोडायचं. हे गूगलसाठी. मायक्रोसॉफ्टला 'ऑप्टआउट' हवं, ते नावात कुठेही चालतं. म्हणजे मी झालो 'देशपांडे_ऑप्टआउट_नोमॅप'. एका नावाला इतक्या शेपट्या मी आजवर चौकातल्या फ्लेक्सवरच पाहिल्या होत्या. आणि ज्याला वहीत यायचं नाही त्यानं दारावर तसं लिहावं. ज्यानं काही लिहिलं नाही, त्याची संमती.

गेल्या रविवारी ते केलं. राउटर टीव्हीमागून ओढला, पाठीवरचं चिकटपत्र मोबाइलच्या उजेडात वाचलं. जोडणी करून गेलेल्या पोरानं पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर ठेवला होता, तोही बदलला. नाव बदलताच टीव्ही गेला. प्रिंटर गेला. आईचं कीर्तन ऐन रंगात थांबलं. "तुला कोण बघायला बसलंय रे?" आई म्हणाली. बायको मीटिंगमध्ये होती. ती काही म्हणाली नाही, नुसती दारात येऊन उभी राहिली. सगळं पुन्हा जोडेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

संध्याकाळी समोरच्या कुलकर्णीकाकू आल्या. त्यांच्या फोनवर वायफायच्या यादीत आमचं नाव बदललेलं दिसलं होतं. 'नो मॉप' वाचून त्यांना वाईट वाटलं होतं.

"तुमची फरशीवाली सोडून गेली वाटतं. आमच्या शोभाला विचारू का?"

मी चुकून हो म्हणालो.