निम्मं तुझं, निम्मं माझं

शेजारच्या काकू लेकीकडे इंग्लंडात, सफक परगण्यात, राहून परवा परत आल्या. प्रवासाचा शीण उतरायच्या आतच कुंपणाशी हजर. पोटात साठलेलं त्यांना फार दिवस सांभाळवत नाही. मीही कपडे वाळत घालायचं निमित्त काढून बादली घेऊन बाहेर आले.

“अगं, लेकीच्या शेजारी एक म्हातारा राहतो. पोस्टातून रिटायर झालाय. सकाळ झाली की कानाला हेडफोन लावायचा, हातात लांब दांड्याचं यंत्र, खाली थाळी. ती जमिनीवरून इकडून तिकडे फिरवत शेतभर हिंडायचं. मला वाटलं, सुरुंगच शोधतोय!”

“मेटल डिटेक्टर असेल.”

“तेच ते. आणि शेत त्याचं नव्हे बरं का! दुसऱ्याचं. आपल्याकडे असा कोणी बांध ओलांडून आत शिरला तर?”

“कुऱ्हाड काढतील.”

“तिकडे शेतकरी त्याला चहा देतो! मी जावयाला विचारलं, हे काय गौडबंगाल आहे? तर म्हणाला, आई, पहिल्या दिवशी त्याने जाऊन परवानगी मागितली, कागदावर लिहून घेतली, आणि काही सापडलं तर निम्मं-निम्मं हेही त्याच कागदावर.”

“सापडायच्या आधीच?”

“आधीच! सापडल्यावर कोण ठरवतंय गं? डोळ्यांपुढे सोनं चमकलं की सख्खा भाऊ परका होतो.” काकूंनी आवाज न उतरवता पलीकडच्या घराकडे हनुवटी केली. तिथल्या भावांचं सगळ्या आळीला माहीत आहे, म्हणून मी विचारलं नाही.

म्हाताऱ्याचे नियम मात्र त्यांनी सुनेच्या तक्रारी सांगाव्यात तशा रंगवून सांगितले. गहू-बार्ली निघाली की पुढची पेरणी होईस्तोवरच शेतात जायचं. मेंढ्या विणार असतील तर त्या कुरणाकडे फिरकायचं नाही. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद. गवताळ जागी तीन बाजूंनी कापून वरचा थर झाकणासारखा उचलायचा, खालचं काढून झालं की तसाच बसवून पायाने दाबायचा. शेत कुळाने कसलेलं असेल तर कुळालाही विचारायचं आणि मालकालाही. आणि नांगर पोचतो त्याच्या खाली फावडं घालायचं नाही. खाली काही जागच्या जागी पुरलेलं लागलं तर हात मागे घ्यायचा नि जाणकारांना बोलवायचं.

“सापडतं तरी काय?”

“कचरा! बिअरच्या डब्यांच्या कड्या, काडतुसांच्या टोप्या, शिशाचे तुकडे, बटणं. ते सगळं पिशवीत भरून घरी न्यायचं, शेतात टाकायचं नाही. शेतकऱ्याला आयती साफसफाई. पण एकदा मला दाखवलं हो त्याने. चांदीचं नाणं, तेही अर्धं. तळहातावर ठेवलं तर वजनच लागेना. एका बाजूला अर्धा क्रूस, कापलेली कड अजून सरळ. सात-आठशे वर्षांपूर्वी सुटे नसले की पेनीचे कात्रीने दोन तुकडे करायचे, झाली अर्धी पेनी. चार केले की पाव.”

“मग ते कुणाकडे गेलं?”

“शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर. सुटं एकटं नाणं म्हणजे सहसा कायद्याने खजिना नाही. जे खजिना नाही ते जमीनमालकाचं. म्हणून तर आधी कागद लागतो.”

खजिना कशाला म्हणायचं हे तिथे 1996 च्या कायद्यात लिहिलं आहे. ढोबळमानाने तीनशे वर्षांहून जुनी वस्तू, तिच्यात किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी. नाणी असतील तर अशी दोन तरी एकत्र मिळायला हवीत. सापडल्यापासून 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचं. कॉरोनर म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणारा अधिकारी, पूर्वी मुंबईतही असायचा. मेल्या माणसाचा नि पुरल्या धनाचा निवाडा एकाच्याच हाती, हे काकूंना फार आवडलेलं दिसलं. पुढे एखाद्या संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर तज्ज्ञांची समिती बाजारभावाने किंमत ठरवते, आणि ती रक्कम शोधणारा व मालक यांच्यात बहुधा निम्मी-निम्मी. स्कॉटलंडात मात्र सगळं राजाचं. शोधणाऱ्याला बक्षीस मिळतं, मालकाला वाटाण्याच्या अक्षता.

“सफकमध्येच हॉक्सन नावाचं गाव आहे,” काकू कुंपणावर कोपर टेकून म्हणाल्या. म्हणजे आता कपडे वाळत पडायला वेळ लागणार. “1992 साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने मित्राला सांगितलं, तुझं यंत्र फिरव जरा. फिरवलं तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणीच नाणी! रोमन लोकांच्या वेळची. मोजली तेव्हा 14,865 भरली.”

“बाई गं! आणि हातोडा?”

“तोही सापडला, आणि आता तोही ब्रिटिश म्युझियममध्ये. ऐक तर. त्या यंत्रवाल्याने थोडं काढलं आणि हात आवरला. पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. कशावर काय ठेवलं होतं, लाकडी पेटी कुठे कुजली, सगळं त्यांना जागेवर पाहता आलं. सरकारने साडेसतरा लाख पौंड दिले. तेव्हा जुना कायदा, पैसे शोधणाऱ्याचे. जमीन तर कौन्सिलची, शेतकरी नुसता कूळ. तरी गड्याने मित्राला वाटा दिला.”

मला या गोष्टीत हातोड्याचं फारसं कौतुक नाही. मला तो हात आवरणारा क्षण मोठा वाटतो. सोनं दिसत असताना फावडं खाली ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

“सगळे तसे नसतात,” काकूंनी लगेच दुसरी बाजू काढली. “2015 मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंगांचं पुरलेलं धन मिळालं. सोन्याचं कडं, अंगठी, स्फटिकाचं लटकन, तीनशेच्या आसपास नाणी. मालकाला नाही सांगितलं, सरकारला नाही. गुपचूप विकायला काढलं. पोलिसांनी फोन तपासले, तर पुसून टाकलेले फोटो सापडले. मातीत चिकटलेला नाण्यांचा गोळा, सगळा पुरावा! 2019 मध्ये एकाला दहा वर्षं, दुसऱ्याला साडेआठ. पुढे अपिलात कमी झाली म्हणे. नाणी तेव्हा हाती लागली जेमतेम तीसएक. कळवलं असतं तर लाखो पौंड राजरोस मिळाले असते.”

त्या नाण्यांपैकी काहींवर वेसेक्स आणि मर्सिया या दोन राज्यांचे राजे शेजारी-शेजारी बसलेले आहेत. दोघांची युती होती हे त्यावरून दिसतं. बाकीची बहुतेक नाणी गेली ती गेलीच, त्यांच्याबरोबर आणखी काय गेलं कोण जाणे.

“आपल्याकडे असा कायदा नाही बाई,” काकू उसासल्या.

इथे मात्र माझी पाळी. मी कलेक्टर कचेरीत उभी हयात काढली आहे. “आहे की! 1878 चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं आणि ट्रेझरीत जमा करायचं. शंभर वर्षांत कोणी पुरलं असेल आणि त्याचा हक्कदार पुढे आला तर ते त्याचं. नाहीतर शोधणाऱ्याचे तीन हिस्से, जागामालकाचा एक, दोघांचं आधी काही वेगळं ठरलं नसेल तर. सरकारला हवं असेल तर मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. लपवलं तर वाटा जातो आणि वर्षभर तुरुंगही होऊ शकतो.”

“शोधणाऱ्याला बारा आणे?” काकूंनी डोळे मोठे केले. “मग त्या वाड्याचं काय गं?”

हा वाडा आमच्या आळीच्या टोकाला. गेल्या महिन्यात पाडायला घेतला. तेव्हापासून कुजबुज आहे की मागच्या भिंतीत हंडा निघाला, आणि मुकादम दोन दिवसांत गावाला निघून गेला. हंडा कोणी पाहिलेला नाही. पाहिलेला माणूस ज्याने पाहिला, तो सगळ्यांना भेटला आहे.

“हंडा असला तर चार आणे मालकाचे,” मी म्हटलं. “पण मालक कोण? प्रॉपर्टी कार्डावर चौदा नावं आहेत, त्यांतले दोघे अमेरिकेत, आणि एका आत्याचं नाव लावायचं का नाही यावर कोर्टात केस चालू आहे.”

काकू मनापासून हसल्या. “त्यातलाच थोरला आला होता काल माझ्याकडे. म्हणे, काकू, जावई दिवाळीला येताना ते यंत्र आणतील का? जोत्याखाली एकदा फिरवून बघू. कोणाला सांगू नका.”

“मग?”

“म्हटलं, आणेल हो. तू आधी चौदा जणांच्या सह्या स्टँप पेपरवर आण. वाटणी कशी, तेही त्यातच लिही. आणि एक प्रत हिला दे, कुंपणापलीकडे, ही कलेक्टर कचेरीत होती.”

“माझं नाव कशाला घेतलंत?”

“अगं, चहा अर्धा टाकून गेला तो.”