बिनपाण्याची, स्वहस्ते

मार्च २०२० मध्ये सलूनं बंद झाली आणि आमच्याकडे ट्रिमर आला. २८ जूनला महाराष्ट्रात ती उघडली (केस कापायला परवानगी, दाढीला मनाई), पण तोवर मी स्वावलंबी झालो होतो. अजूनही आहे. पुरावा मानेवर आहे.

यंत्राचं गणित सोपं. एक नंबरची कंगवी ३ मिलिमीटर केस ठेवते, दोन नंबरची ६. कंगवी लावायलाच विसरलात तर काहीच ठेवत नाही. हा शोध मला उजव्या कानामागे लागला. मग डावी बाजू उजवीला जुळवायला घेतली, नंतर उजवी डावीला. डोक्यामागचं दिसावं म्हणून दुसरा आरसा धरावा, तर ट्रिमर धरायचा की कंगवा? तिसरा हात देवाने दिलेला नाही. शेवटी हिला हाक मारली. "हलू नका हं," म्हणाली आणि पाच मिनिटं नुसती हसत बसली.

कटिंगचे शंभर रुपये मात्र वाचले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने माझं डोकं एकदा फिरवून पाहिलं. कोणी केलं, हेही विचारलं नाही. "एक नंबर मारू सगळीकडे?" एवढंच म्हणाला.

दीडशे घेतले.