मुक्काम पोस्ट स्लॉट दोन

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा साधा हातसंच घेतला की माणूस काय करतो? फ्रिक्वेन्सी लावतो, बटण दाबतो आणि बोलतो. कोणी ऐकत असेल तर उत्तर येतं, नसेल तर येत नाही. व्यवहार सरळ आहे. डीएमआरचा, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओचा संच घेतलेला माणूस मात्र सुरुवातीचे काही दिवस बोलतच नाही. तो संगणकासमोर बसून तक्ते भरतो. आमच्या शेजारच्यांचा तर समज झाला होता की बाई निवृत्त होऊन पुन्हा कुठेतरी नोकरीला लागल्या.

मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर दूरसंचार खात्याची हॅमची परीक्षा दिली. ओहमचा नियम आयुष्यभर ओळखीचा, पण कट्ट-कड-कट्ट करत मोर्स शिकण्याचा उत्साह नव्हता, म्हणून मोर्सची अट नसलेली रिस्ट्रिक्टेड श्रेणी घेतली. अशा परवान्याची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं नाव, व्हीयू-३ने सुरू होते. आमच्या सोसायटीतल्या नानांची व्हीयू-२ने होते. जनरल श्रेणी, मोर्ससकट. त्यामुळे नाना मला 'तीन नंबर' अशी हाक मारतात आणि मी ओ देते. हॅमांच्या जगात बाई कितीही वयाची असो, तिला 'वायएल' म्हणजे यंग लेडी म्हणायची पद्धत आहे. तीन नंबरची भरपाई त्यात होते.

डीएमआर हॅमांनी हॅमांसाठी काढलेलं नाही. २००५ साली युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेने, एट्सीने, हे मानक प्रसिद्ध केलं ते टॅक्सीवाले, सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मुकादम, खाणकामगार अशा कामाच्या माणसांसाठी. हॅम मंडळींनी ते नंतर उचललं, कारण व्यावसायिक वापरामुळे संच स्वस्त झाले होते आणि स्वस्त संच दिसला की हॅम माणसाला त्याचा उपयोग सुचतोच. पण मूळची नोकरी संचाच्या स्वभावातून गेलेली नाही. मेनूत शिरलं की 'लोन वर्कर' नावाची सोय सापडते. एकट्याने काम करणाऱ्या कामगाराने ठरलेल्या वेळात कुठलंही बटण दाबलं नाही तर संच धोक्याची सूचना देतो. रात्री अकरा वाजता, सगळं घर झोपलेलं असताना, टेबलाशी एकटीच बसून हे वाचलं तेव्हा त्या यंत्राबद्दल मला फार बरं वाटलं. त्याच मेनूत पुढे 'रेडिओ डिसेबल'ही आहे, म्हणजे मुकादमाने दुरूनच कामगाराचा संच बंद पाडायची सोय. ते नानांना दाखवलं. ते म्हणाले, "सोसायटीच्या मीटिंगला असं काही मिळेल का, बघ." संदेश सांकेतिक करून पाठवायचीही सोय काही संचांत असते, पण ती आपल्यासाठी नाही. हौशी रेडिओवर जे बोलायचं ते उघड, कोणीही ऐकावं असं.

आता ते तक्ते. त्या सगळ्या तक्त्यांच्या फाइलला कोडप्लग म्हणतात आणि ती संगणकावर तयार करून केबलने संचात भरावी लागते. पूर्वी गावच्या पत्रावर कसा पत्ता घालायचे, मुक्काम पोस्ट अमुक, तालुका तमुक, मारुतीच्या देवळामागे, तसा प्रत्येक चॅनलचा पत्ता असतो. फ्रिक्वेन्सी हा जिल्हा. त्यानंतर कलर कोड, म्हणजे ० ते १५ यांमधला एक आकडा, तो रिपीटरशी, म्हणजे आपलं बोलणं पकडून पुढे पाठवणाऱ्या मधल्या केंद्राशी, जुळला पाहिजे. मग टाइम स्लॉट, एक किंवा दोन. मग टॉकग्रुप, म्हणजे कुठल्या मंडळींशी बोलायचंय त्यांचा क्रमांक. शिवाय कोणाचं ऐकायचं त्याची वेगळी यादी. असे चॅनल गोळा करून झोनमध्ये घालायचे, नाहीतर संचाच्या पडद्यावर ते दिसतच नाहीत. फरक एवढाच की पत्ता चुकलेलं पत्र टपालखातं निदान शेरा मारून परत पाठवायचं. डीएमआर काहीच कळवत नाही. कलर कोड चुकला तरी शांतता, स्लॉट चुकला तरी शांतता, आणि सगळं बरोबर असून समोर कोणी नसेल तरी तीच शांतता. या तीन शांततांमधला फरक ओळखता येऊ लागला की माणूस डीएमआरमध्ये स्थिरावला असं समजावं.

फाइल आयती मिळते. एखादा दयाळू हॅम आपली देतो, ती संचात ओतली की झालं. बरेच जण तसंच करतात. मला ते पटत नाही. दुसऱ्याच्या वहीवरून उतरवलेली गणितं मी तीस-बत्तीस वर्षं पकडली आहेत, आता या वयात तो धंदा सुरू करणं जड जातं. आणि खरं सांगायचं तर तक्ते भरण्यात मजा आहे. चॅनलांना नावं द्यायची असतात, आणि पडद्यावर मावतील इतक्याच अक्षरांत ती बसवावी लागतात.

एवढं करूनही बोलायला आपली ओळख लागतेच. कॉल साइन सरकार देतं, पण डीएमआरला अंक हवे असतात. रेडिओआयडी नावाच्या संकेतस्थळावर परवान्याची प्रत चढवली की सात अंकी क्रमांक मिळतो, फुकट. पहिले तीन अंक देशाचे. भारताचे ४०४, मोबाइल फोनच्या जाळ्यांसाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय यादीतून घेतलेले. इंटरनेटवर पान सापडलं नाही की पडद्यावर येतो तोच हा आकडा. जगभरच्या रिपीटरांना जोडणाऱ्या ब्रँडमाइस्टर या जाळ्यावर भारताचा टॉकग्रुपही ४०४च आहे. भर दुपारी त्यावर हाका मारल्या की आकडा किती चपखल आहे ते पटतं.

जवळ डीएमआरचा रिपीटर नसेल तर घरात हॉटस्पॉट ठेवावा लागतो, तो आपलं बोलणं इंटरनेटवरून त्या जाळ्यात पोचवतो. रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा किंवा त्याहूनही लहान संगणक, त्यावर बसवलेली रेडिओची चिमुकली पाटी, आणि जोनाथन नेलर या ब्रिटिश हॅमने लिहिलेलं एमएमडीव्हीएम हे सॉफ्टवेअर. प्रक्षेपणाची ताकद साधारण १० मिलिवॅट. एका फ्रिक्वेन्सीवर चालणारा असा हॉटस्पॉट स्लॉट दोनवर काम करतो, म्हणून सध्या माझाही मुक्काम तिथेच. हातसंचाला निवांत पाच वॅट फेकता येतात, पण हॉटस्पॉट समोरच्या पुस्तकांच्या कपाटावर आहे, म्हणून संचाचा आवाज शक्य तितका बारीक करून ठेवते. म्हणजे प्रक्षेपणाचा. माझा तसा होत नाही.

इथे नानांचा आक्षेप येतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे.

"तीन नंबर, तुझी रेडिओलहर टेबलावरून निघून कपाटापर्यंत जाते. चार फूट. पुढे सगळं ब्रॉडबँड. याला रेडिओ म्हणायचं?"

नानांचा काळ वेगळा. घरी जुळवलेला संच, गच्चीत बांबूला बांधलेली तार, आणि वर आयनोस्फिअर, म्हणजे रेडिओलहरी परतवणारा आकाशातला थर. त्याची लहर असेल तर दक्षिण अमेरिका मिळायची, नसेल तर सांगलीसुद्धा नाही. ती लहर सूर्यावरच्या डागांवर अवलंबून. ते सुमारे अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात, त्याप्रमाणे नानांच्या तरुणपणाचे बरेवाईट कालखंड पडले आहेत. त्यांच्यासमोर चार फुटांचं समर्थन कसं करणार? मी म्हटलं, "नाना, रिपीटरही मधला माणूसच की." ते म्हणाले, "रिपीटर डोंगरावर असतो. चढून जावं लागतं. घाम येतो." घामाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा. त्या म्हणाल्या, "ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याकडे व्हॉट्सॲप नाही का?"

"असेल की. पण मला कुठे माहीत आहे मला कोणाशी बोलायचंय?"

हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी पुढे काही विचारलंही नाही.

डीएमआरचं मला सगळ्यात आवडलेलं तंत्र स्लॉटचं. १२.५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एकाच चॅनलवर दोन संभाषणं चालतात. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले तीस भाग एकाला, पुढचे तीस दुसऱ्याला, पुन्हा तीस पहिल्याला. मी बटण दाबून अखंड बोलत असते तेव्हा माझा संच निम्मा वेळ गप्प असतो. बॅटरी त्यामुळे जास्त टिकते. आवाज दाबून अर्ध्या जागेत बसवलेला असतो, म्हणून ऐकणाऱ्याला मधली तुटकता कळतच नाही. निम्मा वेळ गप्प बसूनही पूर्ण बोलल्याचं समाधान देणारं दुसरं काही मला माहीत नाही.

आणि तो आवाजही माझा नसतो म्हणा. संचातली चिप माझ्या बोलण्याचं वर्णन करते: स्वर कितपत उंच, घोगरा की मोकळा, जोर कुठे. सेकंदाला २४५० बिट एवढंच ते वर्णन. घरच्या जुन्या फोनचा आवाज एक्स्चेंजमध्ये डिजिटल होताना ६४००० बिट घ्यायचा. समोरचा संच ते वर्णन वाचून माझ्यासारखा आवाज नव्याने तयार करतो. या चिपला फक्त माणसाच्या बोलण्याची कल्पना आहे. मागे कुकरची शिटी झाली तर ती कोणीतरी बोललं असं धरून तिचंही इमानदारीने वर्णन करते, आणि पलीकडे जे काही निघतं ते ना शिटी ना माणूस. सिग्नल तुटायला लागला तर खरखर नाही, हळूहळू विरणं नाही. शेवटपर्यंत स्वच्छ, मग एक-दोन शब्द पाण्याखालून आल्यासारखे, मग एकदम काहीच नाही.

आपला तयार झालेला आवाज कसा आहे ते पाहण्याची व्यवस्था आहे. ब्रँडमाइस्टरवर ९९९० या क्रमांकावर खासगी कॉल लावायचा. तिथे पॅरट आहे, पोपट. तुम्ही बोललेलं ऐकून ठेवतो आणि क्षणभराने जसंच्या तसं ऐकवतो. डीएमआरच्या नवशिक्याचं पहिलं संभाषण बहुतेक वेळा याच्याशी होतं. मी म्हटलं, "नमस्कार, आवाज कसा येतोय?" त्याने अत्यंत अगत्याने मलाच विचारलं, "नमस्कार, आवाज कसा येतोय?" चांगला येत होता. पण शाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं हाच आवाज ऐकावा लागला, हेही त्याच क्षणी लक्षात आलं.

जगाचा टॉकग्रुप ९१. त्याचे शिष्टाचार आहेत. एकाचं बोलणं संपलं की एक-दोन सेकंद थांबायचं, कोणाला मध्ये यायचं असेल तर जागा मिळावी म्हणून. चॅनलवर कोणी बोलत असेल तर माझ्या संचाने बटण नाकारावं, अशीही खूण कोडप्लगमध्ये करता येते. शिवाय टाइम-आउट टायमर असतो. बऱ्याच ठिकाणी तीन मिनिटं झाली की बोलणाऱ्याचं प्रक्षेपण आपोआप तुटतं, मग तो आभारप्रदर्शनात असो की विषयाला नुकता हात घालत असो. हे मानक मराठी साहित्यसंमेलनाने घ्यावं असं माझं प्रामाणिक मत आहे.

९१वर माणसं बोलतात काय? नाव, गाव, संच कुठला, हवा कशी. आणि सिग्नल 'पाच-नऊ'. स्पष्टपणाचे पाच आणि ताकदीचे नऊ, म्हणजे पैकीच्या पैकी. जिथे आवाज एक तर पूर्ण येतो नाहीतर येतच नाही आणि मधला बराच प्रवास केबलमधून होतो, तिथे दुसरे गुण देणार कसे? तरी प्रत्येक जण गंभीरपणे पाच-नऊ देतो आणि समोरचा आभार मानून स्वीकारतो. त्याहून गंमत नावागावाची. दोन लाखांहून जास्त लोकांच्या क्रमांकांची यादी संचात भरून ठेवता येते. मग कोणी बटण दाबलं की त्याने तोंड उघडायच्या आत पडद्यावर त्याचं नाव, कॉल साइन आणि शहर उमटतं. त्याच्या पडद्यावर माझंही. तरीसुद्धा पहिलं वाक्य हेच: "माझं नाव अमुक, मी तमुक शहरातून बोलतोय." कोणी म्हणत नाही की वाचलं मी, पुढे बोला. मीही म्हणत नाही. मी विचारतेसुद्धा, "आपण कुठून?"

एका दुपारी पडद्यावर मेलबर्न उमटलं आणि पाठोपाठ आडनाव दिसलं ते आपल्याकडचं. मी इंग्रजीतून नाव सांगितलं, पुणे म्हटलं, पाच-नऊ दिले. दोन सेकंद शिष्टाचाराचे गेले. मग तिकडून मराठीत आलं:

"पुण्यात नक्की कुठे?"

"सहकारनगर."

"एक की दोन?"

"दोन."

"तळजाईच्या चढाच्या बाजूला, की अलीकडे?"

स्लॉट, कलर कोड, सात अंकी क्रमांक, सगळं जुळून आमचा संपर्क झाला होता, पण त्यांच्या लेखी माझा पत्ता अजून अपुरा होता. चढाच्या अलीकडे म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं. त्यांची आत्या तिथे राहायची. मग हवा, मग संच कुठला वगैरे रीतसर झालं, आणि '७३' म्हणून, म्हणजे हॅमांच्या पद्धतीने शुभेच्छा देऊन, आम्ही निरोप घेतला.

हे नानांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. चार-पाच दिवसांनी संध्याकाळी आले. त्यांच्याकडेही आता सात अंकी क्रमांक होता. नातवाने काढून दिला म्हणाले, जसं काही त्यांच्या नकळत. माझ्याकडून केबल घेतली आणि शेजारी बसून स्वतःचा कोडप्लग स्वतः भरला. तीन चॅनल: ४०४, ९१ आणि ९९९०. नीट तपासून संचात ओतला. कपाटावरच्या हॉटस्पॉटकडे एकदा बघितलं आणि संच हातात धरून खुर्ची मुद्दाम खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. मग त्यांनी पोपटाला १९८०च्या आसपासच्या आपल्या एका गच्चीवरच्या अँटेनाची हकीकत सांगायला घेतली. पोपटाने ऐकली, परत ऐकवली. नानांनी पुढचा भाग सांगितला. तोही परत आला.

मी म्हटलं, "नाना, चाचणी झाली की. आता ९१ लावा, खरी माणसं आहेत तिथे."

"थांब गं," ते म्हणाले. "हा मध्ये बोलत नाही."